आधी वेचणारीचा हात, मग गाडी

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी नागपूरच्या महालातला. 'टीनटप्पर, भंगाऽऽर' अशी हाक आली की आजी फुटकी बादली पुढे करायची आणि बदल्यात लसूण मोजून घ्यायची. जुन्या लुगड्यांवर बोहारणीशी अर्धा तास घासाघीस चाले, तीही एका पातेल्यासाठी. फेकायला म्हणून घरात फारसं काही उरतच नसे.

आता फ्लॅटमध्ये राहतो. फाटकावर पाटी आहे, 'भंगारवाल्यांना प्रवेश बंद'. त्या ठरावावर सही माझीही आहे, हे आधीच सांगून टाकतो.

म्हणून आमच्याकडच्या कचरा वेचणाऱ्या बाई पहाटेच, कचरागाडीच्या आधी, फाटकाबाहेरचे डबे गाठतात. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक सुतळीला बांधलेलं. चिकटलं तर लोखंड. नाही चिकटलं आणि तांबं निघालं, तर दिवस बरा गेला. प्लास्टिक मुठीत चुरगाळून आवाजावरून त्याचा भाव सांगतात. एकदा गाडीवाल्याने त्यांचं भरलेलं पोतंच गाडीत ओतलं. 'काहून ओतलं बाप्पा?' तर म्हणे, डब्यातला माल गाडीचा.

हे भांडण जुनं आहे, साहेब. १८८३ साली पॅरिसचे प्रशासक युजेन पुबेल यांनी घरमालकांना कचऱ्याचे डबे सक्तीचे केले. वर्गवारीही सांगितली: नासणारा कचरा वेगळा, कागद-चिंध्या वेगळ्या, काच आणि शिंपले वेगळे. शहरातले चिंध्या वेचणारे भडकले, कारण त्यांचं पोट रस्त्यावरच्या ढिगावर होतं. लाकडाचा लगदा येईपर्यंत युरोपातला कागद चिंध्यांचाच बने. हाडांपासून सरस आणि बटणं होत. पुबेल यांचं नाव मात्र फ्रेंचमध्ये कचऱ्याच्या डब्यालाच चिकटलं!

आपल्याकडे २०१६ च्या घनकचरा नियमांनीच कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्या म्हटलं होतं. पुण्यात वेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था २००८ पासून घरोघरचा कचरा उचलते. मग नागपुरात सगळंच भांडेवाडीच्या कचरा डेपोच्या डोंगरावर का न्यायचं? कंत्राटदाराला वजनावर पैसे मिळत असतील, तर गाडीतून पुठ्ठा कमी होणं त्याला कसं परवडेल?

म्हणून राज्यातल्या प्रत्येक कचरा कंत्राटात एक कलम घाला: सुक्या कचऱ्यावर पहिला हक्क नोंदणीकृत वेचकांचा, आणि त्यांनी वेचलेल्या वजनाचे पैसे त्यांनाच.

आमच्या फाटकावरची पाटी पुढच्या सभेत मी उतरवायला लावतो. ते काम माझं.

आपला,
एक नागपूरकर