खांबाचा नंबर आणि सेलचा नंबर एका वहीत यायला हवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पुण्यातल्या पेठांत, कोथरूडच्या गल्ल्यांत किंवा बाणेरच्या नव्या इमारतींत ‘रेंज येत नाही’ अशा तक्रारींची पत्रे आपल्या स्तंभात अधूनमधून येतात. त्यावर कंपनीचे उत्तरही ठरलेले असते: ‘आपल्या भागात नेटवर्क सुरळीत आहे.’ दोन्ही बाजू आपापल्या परीने खरे बोलत असतात, कारण तक्रारीत जागा मोघम असते आणि उत्तरात सेल (म्हणजे एका अँटेनाच्या टापूत रेंज पुरवणारा केंद्राचा भाग) मोघम असतो. आता रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांवर छोटे सेल बसू लागले आहेत. त्यामुळे हा मोघमपणा आणखी महागात पडेल. मोठा टॉवर निदान लांबून दिसतो. खांबावरची राखाडी पेटी चालू आहे की बंद, हे खाली उभे राहून कळत नाही.

छोटा सेल म्हणजे कमी ताकदीचे रेडिओ केंद्र. गच्चीवरच्या किंवा लोखंडी मनोऱ्यावरच्या मोठ्या केंद्रात अँटेनाच्या एकेका तोंडाला वीस-चाळीस वॅट मिळतात. रस्त्यावरच्या मध्यम पल्ल्याच्या केंद्राची आंतरराष्ट्रीय मानकातली कमाल मर्यादा सुमारे सव्वासहा वॅट आहे आणि इमारतीतल्या छोट्या केंद्राची पाव वॅट. खांबावर छोटा सेल सहा ते नऊ मीटर उंचीवर असतो, म्हणजे आसपासच्या इमारतींच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याएवढा. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२२मध्ये मार्गाधिकाराच्या (तारा आणि केंद्रे बसवायला जागा वापरण्याच्या) नियमांत दुरुस्ती केली, तेव्हा छोट्या सेलची व्याख्या दहा मीटर ते दोन किलोमीटर पल्ल्याचे कमी ताकदीचे केंद्र अशी केली आणि सार्वजनिक खांब वापरण्याचा मोबदला शहरात खांबामागे वर्षाला ३०० रुपये ठरवला. १ जानेवारी २०२५पासून नव्या दूरसंचार कायद्याखालचे मार्गाधिकार नियम लागू झाले आहेत. थोडक्यात, खांब मिळवणे सोपे आणि स्वस्त झाले. त्या खांबावर पुढे काय चालते यावर नजर ठेवायची सोय मात्र झालेली नाही.

हे सेल लागतातच का? ९०० मेगाहर्ट्झच्या तुलनेत ५जीची ३३०० मेगाहर्ट्झची लहर उघड्या हवेतही तेवढ्याच अंतरावर सुमारे अकरा डेसिबलने जास्त क्षीण होते, म्हणजे हाती तेरावा हिस्सा उरतो. वर काँक्रीटच्या भिंती, धातूचा थर दिलेल्या काचा आणि पावसाळ्यात ओल्या पानांनी गच्च झालेली झाडे. शनिवार-नारायण पेठेत गल्ली अरुंद आणि इमारती दोन्ही बाजूंनी अंगावर आलेल्या. गच्चीवरच्या टॉवरची लहर वरच्या वर निघून जाते, खाली पोचतो तो उरलासुरला उसळून आलेला भाग. तिथे खांबावरच्या सेलला पर्याय नाही, हे आमचे स्पष्ट मत आहे. किरणोत्सर्गाची भीती घालणाऱ्यांना एवढेच सांगतो की रेंज क्षीण असली की कानाजवळचा फोन स्वतः २०० मिलिवॅटपर्यंत ओरडतो आणि सेल जवळ आला की आवाज खाली आणतो. तरी शंका असेल तर दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर शुल्क भरून मोजणी मागवता येते.

खरी दुखणी वेगळी आहेत. पहिले विजेचे. रस्त्याच्या दिव्यांचा पुरवठा फीडर पिलरमधून (रस्त्याकडेच्या वीजवाटपाच्या पेटीतून) एकत्र चालू-बंद होतो. संध्याकाळी टायमर किंवा प्रकाशाचा सेन्सर लाइन चालू करतो, पहाटे तोडतो. दिवसा त्या खांबात वीजच नसते. सेल दिव्याच्याच तारेवर जोडला तर तो रात्रपाळी करणार आणि बाजारपेठ भरलेली असताना झोपणार. म्हणून त्याला स्वतंत्र चोवीस तासांची लाइन आणि मीटर लागतो, आणि महावितरणची जोडणी येईपर्यंत पेटी नुसती शोभेला लटकते. अशी पेटी ओळखायची युक्ती सोपी आहे. त्याच खांबाखाली दुपारी दोनला आणि रात्री नऊला फोनवर सेलचा नंबर पाहा (कसा ते पुढे दिले आहे). सेलचा नंबर फक्त रात्रीच दिसत असेल तर दुखणे विजेचे आहे, रेडिओचे नाही. मोठ्या टॉवरला बॅटऱ्या आणि बहुतेक ठिकाणी जनरेटर असतो. खांबावरच्या पेटीला बॅकअप असलाच तर तो थोड्या वेळाचा.

दुसरे दुखणे फायबरचे. सेलला डेटा पोचवायला तार हवी, तारेला खोदाई हवी आणि पावसाळ्यात खोदाई बंद. एका खात्याने टाकलेले फायबर दुसऱ्याच्या ड्रेनेजच्या कामात जेसीबीखाली तुटते. मग पेटी चालू, लहर चालू, फोनवर सगळ्या दांड्या आणि आत डेटाचा ठणठणाट. अशा सेलने खरे तर स्वतःहून लहर बंद करायला हवी, म्हणजे फोन दुसरीकडे जातील. ती सेटिंग केलेली नसली की गल्लीतले सगळे फोन त्यालाच चिकटून बसतात. तिसरे दुखणे वेळेचे. २३०० आणि ३३०० मेगाहर्ट्झवर केंद्राचे बोलणे आणि ऐकणे लहरींच्या एकाच पट्ट्यावर आळीपाळीने होते, त्यामुळे शेजारच्या केंद्रांची घड्याळे सेकंदाच्या दीड दशलक्षांशापर्यंत जुळावी लागतात. ही वेळ जीपीएसवरून किंवा फायबरवरून येते. वडाच्या फांदीखाली बसवलेल्या जीपीएस अँटेनाला आकाशच दिसत नाही आणि मग तो सेल दुसऱ्याचे ऐकायच्या वेळी स्वतः बोलू लागतो.

आता नागरिकाने सेल कसा ओळखायचा ते. अँड्रॉइडवर ‘सेलमॅपर’, ‘नेटमॉन्स्टर’ किंवा ‘नेटवर्क सेल इन्फो’ यांपैकी एक ॲप घ्या आणि लोकेशनची परवानगी द्या, नाहीतर अँड्रॉइड सेलची माहिती लपवते. वाय-फाय बंद ठेवा. दोन सिम असतील तर कोणत्या सिमचे आकडे दिसताहेत ते आधी पाहा, कारण या एका चुकीने कित्येक मोजण्या फुकट जातात. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केले की चाचणीचा पडदा उघडतो, पण त्यावर नकाशा तयार होत नाही.

४जीवर तीन आकडे टिपा. पहिला सेलचा पूर्ण नंबर, ईसीआय. त्याला २५६ने भागा. पूर्णांक येतो तो केंद्राचा नंबर आणि बाकी उरते तो त्या केंद्रातला सेल. नमुन्यादाखल ८२३४५८६७ घेतला तर केंद्र ३२१६६३ आणि सेल १३९. गल्लीत फिरताना केंद्राचा नंबर बदलला म्हणजे दुसरे ठिकाण लागले. केंद्र तेच राहून सेल बदलला तर बहुधा त्याच टॉवरची दुसरी बाजू किंवा दुसरा पट्टा. दुसरा आकडा आरएसआरपी, लहरीची ताकद. ती डीबीएममध्ये मोजतात, उणे आकडा जितका मोठा तितकी लहर क्षीण. उणे ८० डीबीएम उत्तम, उणे १०५च्या खाली घरात अडचण, उणे ११५ला कॉल टिकेल याची खात्री नाही. दहाचा फरक म्हणजे दसपट, हे ध्यानात ठेवा; दांड्यांवर जाऊ नका, दांडी कधी दाखवायची हे फोन बनवणारा ठरवतो. तिसरा एसआयएनआर, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत लहर किती स्वच्छ आहे. वीसच्या वर छान, शून्याखाली वाईट. आरएसआरपी उणे ७५ आणि एसआयएनआर शून्याजवळ असेल तर सेल कमी नाहीत, एकमेकांत भांडताहेत. अशा वेळी पीसीआय नावाचा ० ते ५०३मधला आकडा पाहा. शेजारच्या दोन जोरदार सेलचे पीसीआय ३ने भागून बाकी एकच येत असेल तर त्यांचे संदर्भसंकेत (फोन ज्यांवरून सेल ओळखतो आणि मोजतो ते) एकमेकांवर बसतात. दुरुस्तीला ना खोदाई लागते ना परवानगी, कंपनीच्या कार्यालयात बसून आकडा बदलता येतो.

खांबावरचा सेल लहर किती झपाट्याने उतरते यावरून ओळखू येतो. खाली उभे राहिलात तर उणे ६०च्या आसपास, दीडशे मीटर चाललात की उणे १००, आणि कोपरा वळताच काही पावलांत वीस डेसिबल गायब. टॉवरची लहर अशी कोसळत नाही, हळूहळू उतरते. कोपऱ्यावर दर वेळी कॉल तुटत असेल तर पुढच्या गल्लीचा सेल या सेलच्या शेजाऱ्यांच्या यादीत (कॉल कोणाकडे सोपवायचा त्या यादीत) नाही, असा संशय घ्यायला हरकत नाही. काही फोन ‘टायमिंग ॲडव्हान्स’ (केंद्र किती लांब हे सांगणारा आकडा) हाही दाखवतात, ४जीत त्याची एक पायरी सुमारे ७८ मीटरची. आकडा ० किंवा १ असेल तर केंद्र हाकेच्या अंतरावर आहे.

५जीत एक मेख आहे. काही कंपन्यांचे ५जी ४जीच्या खांद्यावर बसून चालते. तिथे अँड्रॉइड ५जी सेलचा पूर्ण नंबर देत नाही, फक्त पीसीआय आणि पट्टा देते. वर दिसतो तो नंबर ४जी सेलचा. स्वतंत्र ५जी असेल तिथेच पूर्ण नंबर मिळतो. हे माहीत नसल्याने लोकांनी भरलेल्या नकाशांवर ५जीच्या जागा हमखास चुकतात. छोट्या सेलच्या तर जास्तच, कारण ॲप जागेचा अंदाज मोजणीच्या ठिपक्यांवरून बांधते. रस्त्याच्या एकाच बाजूने गेलात तर सेल समोरच्या घरात जाऊन बसतो. दोन्ही फुटपाथ आणि आडव्या गल्ल्या चाला.

मोजणी पायीच करा. गाडीच्या पत्र्याने आणि काचेने लहर घटते. तोच फोन, छातीच्या उंचीवर, दर पन्नास मीटरला थांबून. पेठांत जीपीएस दहा-वीस मीटर इकडेतिकडे नेते, म्हणून ठिकाण लिहिताना खांबाचा रंगवलेला नंबर लिहा. सकाळी सातला आणि संध्याकाळी आठला, असे दोनदा करा: सकाळी लहरीचा पल्ला कळतो, संध्याकाळी गर्दीचा ताण. ही दोन वेगळी दुखणी आहेत. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर दांड्या भरलेल्या असतात आणि व्हिडिओ जात नाही, कारण हजारो लोक एकाच वेळी वर पाठवत असतात आणि आळीपाळीच्या पट्ट्यांवर वेळेचा मोठा वाटा खाली येणाऱ्या डेटाला दिलेला असतो. त्या दिवशीच्या मोजणीवरून टॉवर मागणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) २०२४च्या गुणवत्ता नियमांनी कंपन्यांना आपापल्या संकेतस्थळावर तंत्रज्ञानवार व्याप्तीचे नकाशे टाकायला लावले, ही चांगली गोष्ट झाली. पण असा नकाशा बहुतांशी गणिताने काढलेला अंदाज असतो, तोही रस्त्यावरचा; तळमजल्यावरच्या स्वयंपाकघराचा नव्हे. कंपनीच्या नकाशावरचा हिरवा रंग आणि तुमचे उणे ११२ शेजारी ठेवून १९८ या क्रमांकावर तक्रार नोंदवा, तक्रारीचा डॉकेट नंबर घ्या, आणि मजकुरात तारीख, वेळ, खांबाचा नंबर, ईसीआय, आरएसआरपी आणि एसआयएनआर द्या. ‘आमच्याकडे रेंज नाही’ या वाक्यावर कोणताही अभियंता काही करू शकत नाही. ‘अमुक सेल दिवसा गायब असतो’ यावर त्याला उत्तर द्यावेच लागते. समाधान झाले नाही तर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते, त्याचे शुल्क नाही. आणि कृपा करून बाजारातला विनापरवाना बूस्टर लावू नका; तुमच्या घरात दांड्या वाढतात आणि सगळ्या गल्लीचा सेल गोंगाटाने बहिरा होतो.

एवढे करूनही नागरिकाला एक गोष्ट कळत नाही: समोरच्या खांबावरची पेटी कोणाची, कधी परवानगी मिळाली, कधी चालू झाली. ती माहिती महापालिकेच्या फायलींत आहे. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातले कलम ४(१)(ब)(तेरा) सांगते की ज्यांना परवाने व परवानग्या दिल्या त्यांचा तपशील सार्वजनिक प्राधिकरणाने कोणी न मागताच प्रसिद्ध करावा. खांबाची परवानगी ही परवानगीच आहे. तेव्हा विद्युत विभाग आणि पथ विभाग यांनी मिळून एक तक्ता टाकावा: खांबाचा नंबर, पाच दशांश स्थळांपर्यंत अक्षांश-रेखांश, कंपनी, परवानगीची आणि प्रत्यक्ष चालू झाल्याची तारीख, वापरलेले पट्टे, ताकद, वीज स्वतंत्र की दिव्याच्या लाइनवरची, आणि कंपनीकडून घेतलेला सेलचा नंबर. रस्तारुंदीकरणात किंवा उड्डाणपुलाच्या कामात खांब निघाला तर ओळ खोडू नये, काढल्याची तारीख लिहावी. त्या दिवसापासून कोणाची रेंज गेली हे त्यावरूनच कळते. आणि हा तक्ता स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये नको, गाळता-चाळता येईल अशा साध्या फाइलमध्ये हवा.

सगळ्या शहराची वाट पाहू नये. कसबा-विश्रामबागवाडा क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीपासून सुरुवात करता येईल, कारण गल्ल्या तिथे सर्वांत अरुंद आहेत. त्याआधी खांबांवरचे नंबर फुटपाथच्या बाजूने, डोळ्यांच्या उंचीच्या वर पुन्हा रंगवून घ्यावेत. सध्या कित्येक नंबर शिकवणीच्या जाहिरातींखाली झाकलेले आहेत.

आपले,
दोन रेडिओ अभियंते, पुणे