दोन पोवळ्यांचं जमत नाहीये

पर्थ

प्रिय शुभे,

दिवाळीला फोन नाही, तुझ्या मेलला उत्तर नाही. रागावली असशील, आणि तो तुझा हक्कच आहे. तब्येत ठीक, मान अधूनमधून धरते, आई मजेत. आता मुद्द्याचं, कारण हे तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही.

माझी दोन पोवळी एकमेकांशी जुळत नाहीत. ग्रेट बॅरिअर रीफच्या मधल्या भागातले पोराइटीस जातीच्या पोवळ्याचे दोन मोठे गड्डे, एकाच रीफवर, हाकेच्या अंतरावर वाढलेले. पाणी तेच, ऊन तेच. एक्स-रेवर वर्षांचे पट्टे इतके स्वच्छ की चिनूसुद्धा मोजेल: दाट, विरळ, दाट, विरळ, वर्षाला सेंटीमीटरभर वाढ. वर्षं जुळली, पण ज्यावरून मी जुन्या पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप (उतरला की आम्लता वाढली), काढते तो बोरॉन नाही जुळला. एकाचा पीएच दशकामागून दशक उतरत जातो, दुसऱ्याचा जवळजवळ सपाट.

आधी संशय घेतला तो घाणीचा. बोरॉन कुठूनही शिरतो, काचेच्या भांड्यातून, हवेच्या गाळणीतूनसुद्धा, म्हणून आमच्याकडे काच वर्ज्य, सगळं टेफ्लॉन. पूड पुन्हा पेरॉक्साइडने धुतली, रेझिनवरून बोरॉन पुन्हा वेगळा काढला, मधेमधे इशिगाकी बेटावरच्या पोवळ्याची ती प्रमाण पूड चालवून बघितली. तिचा आकडा जिथे यायला हवा तिथेच येतो. म्हणजे यंत्र खरं बोलतंय. मग दोन्ही पोवळीही खरंच बोलतायत.

आता तुझा चेहरा दिसतोय मला! मेसमधलं ते भांडण. मी सांगत होते की गणित सरळ आहे. समुद्रात बोरॉन दोन रूपांत असतो, बोरिक आम्ल आणि बोरेट. पीएच चढला की बोरेटचा वाटा वाढतो. हलका बोरॉन-१० बोरेटमध्ये जास्त, जड बोरॉन-११ आम्लात जास्त, दोघांत हजारी २७ चा फरक. सांगाड्यात जातं ते बोरेट. तेव्हा सांगाडा मोजा, पीएच काढा. आणि तू ताटावर चमचा आपटून म्हणालीस, "बाई गं, प्राणी आहे तो! एसी लावलेल्या खोलीतला थर्मामीटर बघून बाहेर ऊन किती ते सांगतेस?" मावशींना वाटलं आमटीबद्दलच तक्रार आहे, आणि पुढचा आठवडाभर आपल्या दोघींना आमटी पातळ मिळाली.

पोवळं सांगाडा घडवतं ते कातडीखालच्या थेंबभर पाण्यात, आणि हायड्रोजन आयन बाहेर ढकलून त्या पाण्याचा पीएच चढवून ठेवतं. बाहेर ८.१ असला तर आत ८.३ ते ८.५, हिवाळ्यात जास्त, उन्हाळ्यात कमी. समुद्रातली घसरण आत पोचते ती तिसरा हिस्सा, फार तर निम्मी. हे सगळं मान्य. पण मी पूर्ण तुझ्या बाजूला आलेली नाही हं. कोरल समुद्रातल्या फ्लिंडर्स रीफचं पोवळं विसरू नकोस. २००५ मध्ये त्याची सुमारे ३०० वर्षांची नोंद छापून आली, तीत पीएच साधारण ५० वर्षांच्या लाटेने वरखाली होतो, आणि ती लाट पॅसिफिकच्या दशकांच्या चक्राशी जुळते. नुसत्या प्राण्याच्या लहरीने असं होत नाही. समुद्र आत ऐकू येतो, फक्त दबक्या आवाजात.

आणि ऐकायला दुसरं आहे काय? हवाईजवळची समुद्राच्या पीएचची थेट मोजणी १९८८ पासूनची. औद्योगिक काळापासून समुद्राचा पीएच सरासरी ०.१ ने उतरला, म्हणजे हायड्रोजन आयन पाव हिश्शाहून जास्त वाढले. पण एखाद्या रीफवर १९२० साली काय होतं, हे सांगायला पोवळ्याशिवाय साक्षीदार नाही.

गटातले सगळे म्हणतात, दोघांची सरासरी काढ आणि छाप. काढली. सुरेख उतरती रेघ येते, आणि ती दोघांपैकी कुठल्याच पोवळ्याची नाही. रात्री झोप लागत नाही ती त्या रेघेमुळे. उलट सपाट रेघ तशीच छापली, तर उद्या कुणीतरी ती दाखवून म्हणेल, बघा, समुद्राला काही झालेलं नाही. मला वाटतं ते पोवळं आतला पीएच टिकवायला जास्त शक्ती खर्च करतंय, आणि त्याची किंमत दुसरीकडे कुठेतरी मोजतंय, बहुधा घनतेत. पण हे मला रसायनातून सिद्ध करता येत नाही. इथे प्राणी ओळखणारं माणूस हवं.

चिनूची दहावी कशी चाललीय? मालवणच्या बदलीचं काय झालं? गुडघ्याचं ऑपरेशन आता पुढे ढकलू नकोस. भाऊजींना नमस्कार.

दोन्ही एक्स-रे मेलने पाठवतेय. १९९८ च्या ब्लीचिंगच्या, पाणी तापून पोवळी पांढरी पडली त्या वर्षाच्या, पट्ट्यापासून वर बघ, दुसऱ्याचे पट्टे विरळ होत गेलेत का. माझे आकडे मुद्दाम जोडलेले नाहीत. आधी तुझं मत कळव, मग पाठवते.

तुझी,
वसू