चार्जर काढला म्हणजे धोका टळत नाही

महोदय,

आपल्या पुरवणीतला मोटर कंट्रोलच्या प्रयोगांवरचा लेख वाचला. लेख छान आहे, पण ‘बोर्ड मेन्सवर असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवा, मग भीती नाही’ ही ओळ वाचून मी दचकले. बोर्ड म्हणजे मोटर चालवणारं सर्किट, यूएसबीने लॅपटॉपला जोडलेलं; मेन्स म्हणजे घरातली २३० व्होल्टची वीज. मोटर ड्राइव्ह, म्हणजे मोटरला वीज पुरवून तिचा वेग सांभाळणारी यंत्रं, दुरुस्त करणं हा माझा रोजचा धंदा आहे.

२३० व्होल्ट थेट रेक्टिफाय केले, म्हणजे डायोड लावून एसीचं डीसी केलं, की डीसी बस (ड्राइव्हला वीज देणारी डीसीची मुख्य लाइन) सुमारे ३२५ व्होल्टची होते. तिची ऋण बाजू ड्राइव्हचं ‘ग्राउंड’ (व्होल्टेज मोजायचा शून्य बिंदू) असते, ‘अर्थ’ (जमिनीला जोडलेली तार) नव्हे; दर सायकलच्या अर्ध्या भागात ती डायोडमधून फेजला, म्हणजे मेन्सच्या जिवंत तारेला, जोडली जाते. यूएसबी केबल लावली की लॅपटॉपचं ग्राउंडही तिथेच जाऊन बसतं. चार्जर काढल्याने कदाचित पोर्ट वाचेल. पण लॅपटॉपचा उघडा धातू जिवंत होतो, आणि त्याला हात लावणारा माणूस अर्थकडे जायचा रस्ता बनतो.

म्हणूनच अशा कामाच्या बऱ्याच इव्हॅल्युएशन बोर्डांवर (प्रयोगासाठीच्या तयार बोर्डांवर) डिबगर, म्हणजे यूएसबीवरून प्रोग्राम टाकणारा आणि तपासणारा भाग, आणि मायक्रोकंट्रोलर, म्हणजे मोटर चालवणारी चिप, यांच्यामध्ये आयसोलेटर असतो; तो तारेचा थेट संबंध न ठेवता फक्त सिग्नल पलीकडे नेतो. आमच्या टेबलावरच्या बोर्डाला या दोन बाजू जोडणारे तीन जम्पर (काढता-घालता येणारे छोटे जोड) आहेत: ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट आणि ग्राउंड. तिन्ही काढले तरच दोन्ही बाजू खऱ्या अर्थाने वेगळ्या होतात.

आमच्याकडच्या एका नव्या मुलाने ते काढले होते. मेन्सही बंद ठेवला होता, अगदी शहाण्यासारखा. डिबगरचा दिवा लागला, संगणकाला डिबगर दिसला, पण चिप काही सापडेना. त्याने केबल बदलली, ड्रायव्हर पुन्हा टाकला, डिबगरचा क्लॉक, म्हणजे चिपशी बोलायचा वेग, ४ मेगाहर्ट्झवरून १०० किलोहर्ट्झवर आणला. शेवटी वैतागून तिन्ही जम्पर परत खोचले आणि लगेच कनेक्ट झालं! कारण साधं होतं. चिपचा ३.३ व्होल्टचा सप्लाय डीसी बसवरून तयार होत होता आणि बस बंद होती. जम्पर लावल्यावर चिपला यूएसबीवरून जीव आला. प्रोग्राम टाकून झाल्यावर जम्पर काढायचे राहिले, आणि त्याने मेन्स चालू केला. फट् असा आवाज, एमसीबी (जास्त करंट गेला की वीज तोडणारा स्विच) पडला, पोर्टच्या तोंडाशी काळा डाग. मुलगा वाचला, कारण हात माउसवर होता, माउस प्लास्टिकचा.

चिप दिसत नसेल तर आधी मल्टिमीटर घ्यावा, मेन्स बंद ठेवूनच. बसच्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरलीय ना, तेही मोजून पाहावं. मग चिपच्या बाजूचे ३.३ व्होल्ट मोजावेत, आणि काळी प्रोब चिपच्याच ग्राउंडवर ठेवावी. आमच्या पोराने ती यूएसबीच्या कवचावर टेकवली होती; जम्पर काढलेले असताना त्या आकड्याला काहीच अर्थ नसतो. व्होल्टेज नसेल तर बाहेरून वेगळा, आयसोलेटेड सप्लाय द्यावा. व्होल्टेज ठीक असेल तर मात्र रिसेट दाबून धरून कनेक्ट करून पाहावं. कधीकधी आपल्याच प्रोग्रामने डिबगच्या पिना दुसऱ्या कामाला लावलेल्या असतात.

आणखी एक. आयसोलेशन नीट ठेवून, लॉग पाहायला साधी यूएसबी-सीरियल केबल चिपला जोडणारेही पाहिलेत. त्या केबलमधूनही ग्राउंड येतंच. मेन्सवर चालणाऱ्या नेहमीच्या ऑसिलोस्कोपची (सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या यंत्राची) ग्राउंड क्लिप तर थेट अर्थलाच असते.

पुढच्या पुरवणीत ती ओळ दुरुस्त करून छापावी, आणि शक्य तर पहिल्याच पानावर.

आपली,
ड्राइव्ह दुरुस्त करणारी एक वाचक