शुभे, तुला तो हंडा आठवतो का

प्रिय शुभे,

आधी शिव्या घालून घे. गणपतीपासून एक अक्षर नाही पाठवलं, तुझ्या वाढदिवसाला पण नुसता केक चिकटवला व्हॉट्सअ‍ॅपवर, माहितीये मला. तब्येती ठीक, आईचा गुडघा मार्चमध्ये झाला, वॉकरवर फिरते, माझं थायरॉइड आहे तिथेच. झालं. आता जे लिहायला बसलेय ते.

आईला 'द इनर लाइट' दाखवला, आपल्या 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन'चा तो भाग.

हो, तोच. पाचव्या सीझनचा पंचविसावा, ज्याच्यावरून आपण हॉस्टेलला तीन दिवस बोलत नव्हतो आणि मेसमध्ये तू मुद्दाम त्या सोलापूरच्या पोरींच्या टेबलावर जाऊन बसायचीस. तुझ्या त्या खोक्याएवढ्या मॉनिटरवर बघितला होता, तिघी एका कॉटवर, आणि संपल्यावर मी रडत होते आणि तू म्हणालीस, हा काय फालतूपणा, त्या पिकार्ड कॅप्टनला विचारलं का कुणी? मरणाऱ्या ग्रहावरच्या लोकांनी सोडलेल्या यंत्राने बेशुद्ध पाडून पंचवीस मिनिटांत चाळीस वर्षांचा संसार डोक्यात घातला, बायको घातली, पोरं घातली, आणि उठवून सांगितलं की ती माणसं हजार वर्षांपूर्वीच गेली. हा अत्याचार आहे म्हणालीस. मी म्हटलं ह्यूगो, विज्ञानकथांचा मोठा पुरस्कार, मिळालाय त्याला 1993 चा, 1968 नंतर टीव्हीच्या एपिसोडला पहिल्यांदाच. तर तू म्हणालीस मिळू दे, पिकार्डला काय मिळालं ते सांग. मला तेव्हा उत्तर आलं नव्हतं आणि त्याचाच राग जास्त होता, आज कबूल करते.

तर आई दिवसभर हॉलमध्ये पडून. तिच्या सिरियलींचा तिलाच कंटाळा आलेला. म्हणाली, तू ती कानात घालून काय बघतेस ते लाव. म्हटलं इंग्लिश आहे, अवकाशयान वगैरे. म्हणाली, सांग मग मराठीत. मी थांबवून थांबवून सांगत बसले, पंचेचाळीस मिनिटांच्या एपिसोडला आम्हाला दोन तास लागले आणि मध्ये चहा. यानातल्या गणवेशवाल्यांत तिला काडीचा रस नव्हता, पण पिकार्ड त्या ग्रहावरच्या रेसिक गावात जागा झाला, ते अंगण, तो चौक दिसला आणि बाई उठून बसली, उशी पाठीला. सगळं गाव दुष्काळात आणि चौकात ते एक रोपटं जगवतायत ना, तिथे म्हणाली, "प्यायला नाही आणि झाडाला घालतायत." मग थोड्या वेळाने आपणच, "घालावंच लागतं."

बायको त्याला सारखी चपला जागेवर ठेव म्हणते तिथे हसली, म्हणे तुझे बाबा. आणि शेवटी ती जाते तेव्हाही तेच सांगून जाते, चपला जागेवर ठेव. मी भाषांतर केलंच नाही शुभे, घशातून आवाज निघेना. तिला कळलं तसंच. मुलगा त्याचा खराच मुलगा आहे, पिकार्ड झालेल्या पॅट्रिक स्टुअर्टचा, हे सांगितल्यावर मात्र तिने मला मागे जाऊन परत दाखवायला लावलं, नाक बघ म्हणे.

मग तुझाच मुद्दा मी तिच्यापुढे ठेवला, शपथ. तुझं नाव घेऊन. म्हणाली, "शुभाचं बरोबर आहे. पण त्यांना दुसरं कोण होतं सांगायला?" एवढंच. वीस वर्षं मी जे उत्तर शोधत होते ते. आणि दुसरी जी शंका सगळेच काढतात, की एवढं यंत्र बनवता येतं तर माणसं का नाही वाचवता आली, त्यांच्याकडे रॉकेट छोटंच होतं वगैरे मी सांगायला लागले तर मला थांबवून म्हणाली, "धरण बांधलं त्यांना काय अक्कल नव्हती? एवढी भीमा अडवली. आम्हाला नीट उचलून ठेवता नाही आलं."

तुला तर माहितीये, आईचं माहेर उजनीत गेलंय. पण मी तिच्या तोंडून ते कधी ऐकलं नव्हतं. आमच्याकडे ते नुसतं 'गाव पाण्यात गेलं' असं एक वाक्य होतं, 'आजोबा वारले' सारखं. मी शाळेत भूगोलात उजनी लिहायचे, यशवंतसागर, 1980 ला पूर्ण, आणि भिगवणला तर ऑफिसबरोबर फ्लेमिंगो बघून आले, बोटीत बसून, मासे खाऊन! खाली काय आहे हा विचार नाही आला. आता तीन आठवडे रोज रात्री ती बोलते. कुणाचा वाडा कुठे, कुणाच्या पडवीत कोंबड्या, दारं-चौकटी उपटून बैलगाडीत भरल्या, आजीने निघताना चूल सारवली. पाणी येणार हे माहिती असून सारवली. पळसदेवचं देऊळ पाणी उतरलं की वर येतं, त्याचे फोटो लोक टाकतात, ते तिला दाखवले तर ती देवळाकडे बघेचना, फोटोच्या कडेला बोट ठेवून म्हणाली, इकडे आमची वाट जायची.

हे सगळं छान आहे, मी पण रेकॉर्ड करून ठेवतेय. घोळ वेगळाच झालाय.

एपिसोडच्या शेवटी त्याच्या हाताखालचा रायकर त्या यंत्रातली पेटी आणून देतो ना, आत त्याची गावातली बासरी, आणि पिकार्ड ती छातीशी धरतो. एक शब्द नाही, नुसती वाजवतो खिडकीशी. आई कितीतरी वेळ गप्प. मग म्हणाली, "एवढं तरी ठेवलं त्यांनी." नंतर विचारलं, मग पुढे काय, विसरला का तो? म्हटलं लोकांनी हीच तक्रार केली होती, की पुढच्या वेळी हा आपला परत कॅप्टन, पण नंतर एक भाग आहे ज्यात तो एका बाईबरोबर तीच बासरी वाजवतो. बरं झालं म्हणाली.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, दात घासून यायच्या आत: "माळ्यावरचा हंडा काढ गं. आईचा. घासून ठेवू."

शुभे, तुला आठवतोय ना तो हंडा? 2009, मेमधलं शिफ्टिंग, तू ठाण्याहून आली होतीस मदतीला, टेंपोवाला खाली हॉर्न मारत होता. तांब्याचा, गळ्याशी पोचा आलेला, कल्हई उडालेली. मी म्हटलं हा मोडीत टाकू, नव्या फ्लॅटला माळाच नाही धड. तू हातात धरून म्हणालीस, हा नको गं, काकूंच्या माहेरचा दिसतोय, नाव आहे यावर. आणि मी तुझ्यावर खेकसले, एवढा पुळका असेल तर तुझ्या घरी ने. मग मीच रिक्षाने गेले भांड्याच्या दुकानात. साडेतीन किलो भरला, आठशे चाळीस रुपये, ते टेंपोवाल्याला दिले. आईने तेव्हा एकदाच विचारलं होतं. माळ्यावर आहे म्हटलं. बाबांना जाऊन चारच महिने झाले होते, तिनेही पुढे नाही विचारलं. सोळा वर्षं तो हंडा माळ्यावर आहे.

आता मी रोज काहीतरी सांगते. स्टूल मोडकं आहे, सुतार येऊ दे, माळ्यावर पाल आहे. काल मंडईजवळ दोन दुकानं फिरले जुना तांब्याचा बघायला, मिळतो, पण नाव कुठून आणू? तिला तो अंधारात हाताने कळेल. आणि ती शूटिंगमधली बासरी, आठवतंय, 2006 ला न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात गेली 48 हजार डॉलरला, तूच लिंक पाठवली होतीस आणि लिहिलं होतंस की वाजत पण नाही म्हणे ती. मी तेव्हा किती खूश झाले होते, की लोकांना किंमत आहे! तीनच वर्षांनी मी हंडा किलोवर घातला.

नवरा म्हणतो सांगू नको, या वयात कशाला. मला ते पटत नाही. ती पडून आहे, तिला कुठे जायचं नाही, डोक्यात पूर्ण गाव उभं राहिलंय आणि त्यातली एकच वस्तू घरात आहे असं ती धरून चाललीये. रविवारी सांगणार आहे. ताई येणार आहे तेव्हा तिच्यासमोर. रडेल, बोलणार नाही दोन दिवस, चालेल. मेअखेर पाणी उतरलं आणि डॉक्टर हो म्हणाले तर गाडीने काठापर्यंत नेईन असंही ठरवलंय.

तुझं काय? नवीन टीमचा तो साहेब निवळला का? ईशानचं बॅडमिंटन चालू आहे ना, सासूबाईंचा मोतीबिंदू झाला असेल तर कळव, आणि दिवाळीत येताय का ते नक्की लिही, मागच्या वेळेसारखं विमानात बसल्यावर नको.

आणि एक काम आहे, खरं त्याच्यासाठीच हे सगळं. तू त्या दिवशी हंडा खिडकीत उजेडाला धरून मोठ्यांदा वाचलं होतंस. ठिपक्याठिपक्यांची अक्षरं होती, आजीचं नाव, गावाचं नाव आणि शेवटी काहीतरी, साल की तिथी. मला तुझा आवाज आठवतो, पण शब्द नाही आठवत. मी टेंपोवाल्याशी भांडत होते. तुला आठवतंय का गं? एखादा शब्द तरी? रविवारच्या आत फोन कर, कितीही वाजता.

तुझी,
मंजू