भेटवस्तूऐवजी तिकीट घ्या, आणि या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या शनिवारी माझ्या मैत्रिणीचं लग्न झालं आणि रविवारी संध्याकाळी त्याच जोडप्याने कर्णबधिर मुलांच्या श्रवणयंत्रांसाठी गाण्याचा कार्यक्रम केला. लग्नात साक्षीदार म्हणून सही मी केली. कार्यक्रमाची तिकीटवही आणि रोकडही माझ्याकडेच होती. म्हणून या दोन दिवसांबद्दल नंतर जे बोललं गेलं, त्याला उत्तर मीच द्यायला हवं.

मैत्रीण ५२ वर्षांची आहे. वाचा-उपचार करते, म्हणजे कमी ऐकू येणाऱ्या मुलांना बोलायला शिकवते. नवरा पेटी वाजवतो. दोघांनी निमंत्रणाच्या तळाशी एक ओळ घातली होती : 'भेटवस्तू आणू नका. मनात असेल तर उद्याच्या कार्यक्रमाचं तिकीट घ्या, आणि या.' शेवटचे दोन शब्द तिने हट्टाने घालून घेतले.

लग्नाच्या आनंदात मदतनिधी कशाला, माणसाला संकोच होतो, असं काहींनी मला विचारलं. संकोच होतो हे मला मान्य आहे. त्याचा विचार आम्ही आधीच केला होता. लग्नाच्या जागी तिकीटविक्रीचं टेबल ठेवलं नाही. व्यासपीठावरून कोणाचं नाव वाचलं नाही. तिकिटाच्या स्थळप्रतीवर क्रमांक आणि रक्कम लिहिली, घेणाऱ्याचं नाव लिहिलं नाही. मी ३१ वर्षं बँकेत रोखपाल होते. कोणी किती तिकिटं घेतली ते माझ्या लक्षात आहे, पण तिने ते विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. ज्यांनी एकही घेतलं नाही, तेही लग्नात तितकेच मनापासून हसले, नाचले आणि तिला मिठी मारून गेले. माझ्या मैत्रिणीला इतकी आनंदात मी २० वर्षांत पाहिली नव्हती.

मदतीचा प्रयोग आपल्याला नवा नाही. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान'मध्ये एकत्र उभे राहिले. दोघांच्या नाटक मंडळ्या वेगळ्या, चाहते तर त्याहून वेगळे. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले, त्यामुळे ते एकत्र येणं किती मोलाचं होतं हे सांगायला नकोच. त्याहून जुनी गोष्ट डब्लिनची. १३ एप्रिल १७४२ रोजी हँडल या संगीतकाराची 'मसाया' ही गायन-वादनाची मोठी रचना तिथे पहिल्यांदा सादर झाली ते कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांसाठी आणि दोन रुग्णालयांसाठी. जास्त माणसं मावावीत म्हणून बायकांनी घेरदार झग्यांचे सांगाडे आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवून यावं, अशी विनंती केली होती. त्या पैशांतून १४२ कैदी सुटले. मला यातली सर्वांत आवडणारी गोष्ट ती विनंतीच आहे, कारण तिच्यात माणसांनी प्रत्यक्ष यावं ही तळमळ दिसते.

हिशेबाचा धडा मात्र मी १ ऑगस्ट १९७१च्या न्यूयॉर्कमधल्या कार्यक्रमावरून घेतला. सतारवादक रविशंकर आणि इंग्रज गायक-गिटारवादक जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एका दिवसात दोन खेळ केले. तिकिटांचे सुमारे २,४३,००० डॉलर युनिसेफकडे गेले. पण करसवलतीची कागदपत्रं आधी केलेली नव्हती, म्हणून ध्वनिमुद्रिकेच्या विक्रीतली मोठी रक्कम अनेक वर्षं अडकून पडली. हे वाचलेलं असल्यामुळे पहिलं तिकीट फाडण्याआधी मी वेगळं खातं, पावतीपुस्तक आणि खर्चाची मर्यादा लेखी ठरवून घेतली. तबलजी आणि ध्वनिव्यवस्थेची मुलं यांचं मानधनही त्यात धरलं. चांगल्या कामासाठी कलाकाराने फुकट वाजवावं, असा आग्रह मला पटत नाही. ज्याला सोडायचं असेल त्याने आपणहून सोडावं.

आता पैसे कशाला लागतात ते. यंत्र घेतलं की काम संपलं, असं बहुतेकांना वाटतं. लहान मुलाचा कान वाढतो, त्यामुळे कानात बसवायचा साचा दर काही महिन्यांनी नवा करावा लागतो. सैल झाला की यंत्र शिटी मारतं आणि मूल ते काढून फेकतं. बॅटरी बदलाव्या लागतात, आणि वाचा-उपचार वर्षानुवर्षं चालतात. जन्मानंतर पहिल्या महिन्यात ऐकण्याची चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, हा तज्ज्ञांचा दंडक आहे. आपल्या मुलांपैकी बरीच यापेक्षा फार उशिरा येतात, आणि माझ्या मैत्रिणीची झोप त्यानेच उडते. म्हणून जमलेली रक्कम आम्ही यंत्रांवर एकदम न उधळता साचे, बॅटरी आणि उपचारांसाठी तीन वर्षांत वाटून ठेवली आहे.

कार्यक्रमात पहिल्या दोन रांगा मुलांसाठी ठेवल्या होत्या, कर्ण्यांपासून दूर. ही यंत्रं मुख्यतः बोलणं ऐकण्यासाठी जुळवलेली असतात, मोठ्या आवाजात गाणं त्यांतून फाटतं. प्रत्येकाच्या हातात फुगवलेला फुगा दिला होता. तो छातीशी धरला की तबल्याचा ठेका तळव्यांना कळतो. एक पाच वर्षांची मुलगी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, फुगा उंचावायची, आणि तिला सम कोणीही शिकवलेली नव्हती. तबलजीने ते पाहिलं आणि पुढची दहा मिनिटं तो फक्त तिच्याकडे बघून वाजवत होता. माझी मैत्रीण गाता गाता थांबली, डोळे पुसले, आणि पुन्हा षड्ज लावला.

त्या संध्याकाळी विकलेल्या तिकिटांपैकी २३ खुर्च्या रिकाम्या राहिल्या आणि दाराबाहेर आठ पालक उभे होते. पैसे दिले, आता जायलाच हवं असं नाही, असं म्हणणारी माणसं मला आवडतात, तरी त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. येणं जमत नसेल तर आदल्या दिवशी कळवा, ती खुर्ची दुसऱ्याला देता येईल. आणि जमत असेल तर याच. मुलं गाणाऱ्याकडे बघतात तशीच मागे वळून तुमच्याकडेही बघतात.

जमाखर्चाचा कागद सभागृहाच्या दारावर लावला आहे. कोणाला पावत्या पाहायच्या असतील तर वही माझ्याकडे आहे.

आपली,
एक निवृत्त रोखपाल