बाय, त्या बाराशे रुपयांचं काय करायचं

डिचोली,
२२ नोव्हेंबर २०२५

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोनवर विचारलंस, "बाबा, अँटिव्हायरस कुठला घेऊ? दुकानदार बाराशेचा डबा घ्या म्हणतो, तीन वर्षांचा." मी तोंड उघडणार तोच नाट्यमंडळाचे सेक्रेटरी पेनड्राइव्ह हलवत समोर उभे राहिले. त्रिपुरारी झाली की गावोगावच्या जत्रा आणि नाटकं सुरू होतात, मग मला पाणी प्यायला फुरसत नसते, हे तू लहानपणापासून बघतेस. म्हणून पत्रिका-पत्रकांचं दुकान बंद करून आता लिहायला बसलोय. तसंही फोनवर तू "हो हो बाबा" म्हणतेस आणि करतेस ते दुकानदार सांगेल तेच.

आधी उत्तर. काही विकत घेऊ नकोस. विंडोजबरोबर डिफेंडर येतो, तोच राहू दे. ते बाराशे बाजूला ठेव, त्यात भर घाल आणि एक बाहेरून जोडायची हार्ड डिस्क घे. कारणं पुढे लिहितो. त्यातलं एक मी सहा वर्षं तुझ्यापासून लपवून ठेवलं आहे.

तू म्हणशील, स्वतः दुकानात पैसे भरून अँटिव्हायरस ठेवता आणि मला फुकटचा वापरायला सांगता. दुकान म्हणजे नाक्यावरची धर्मशाळा, बाय. सकाळी दहापासून कुणाकुणाचे पेनड्राइव्ह आत-बाहेर होत असतात. त्या सेक्रेटरींचाच घे. लावला तर आत सगळे फोल्डर जागेवर, पण प्रत्येकाच्या कोपऱ्यात छोटा बाण. म्हणजे फोल्डर नव्हेतच, शॉर्टकट. खरे फोल्डर लपवलेले, आणि शॉर्टकटवर क्लिक केलं की आधी व्हायरस चालणार, मग फोल्डर उघडणार, म्हणजे माणसाला संशय येऊ नये. सेक्रेटरी कपाळाला हात लावून बसले, पात्रांची यादी गेली म्हणून. मी साफ केलं, व्ह्यूमध्ये जाऊन "हिडन आयटम्स"वर टिक केली, आणि फिकट रंगात सगळं परत दिसलं, नायकापासून पडदेवाल्यापर्यंत. असे आठवड्याला दोन-चार तरी येतात. तुझ्या घरी किती पेनड्राइव्ह येणार? शाळेतला एक, तोही तुझाच.

दुकानात आहे तो पुण्याचा क्विक हील. त्या कंपनीबद्दल मला थोडी माया आहे, ते कबूल करतो. रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, धाकट्या भावाने, संजयने, प्रोग्रॅम लिहिला, आणि १९९०च्या दशकात लोकांच्या फ्लॉपी साफ करता करता हा धंदा उभा राहिला. दुरुस्तीच्या टेबलावरून वर आलेल्या माणसांचं मला कौतुक वाटतं. पण कौतुकापोटी तुला बाराशे घालवायला सांगणार नाही.

डिफेंडर पूर्वी खरंच कमकुवत होता. २०१२मध्ये विंडोज ८ आलं तेव्हापासून तो पुरा अँटिव्हायरस झाला, तरी सुरुवातीची काही वर्षं आम्ही त्याला हसायचो. आता तसं नाही. जर्मनीत मॅग्डेबर्गला एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियात इन्सब्रुकला एव्ही-कम्पॅरेटिव्ज अशा दोन संस्था आहेत. हेच त्यांचं काम, सगळ्यांचे अँटिव्हायरस घेऊन तपासत बसायचं. त्यांच्या चाचण्यांत गेली काही वर्षं तो पैसेवाल्यांच्या बरोबरीने बसतो. पैसे भरून जास्तीचं जे मिळतं ते बहुतेक व्हीपीएन (म्हणजे इंटरनेटवर आपला माग झाकायची सोय), मुलांवर नजर ठेवायची सोय, पासवर्ड सांभाळायची पेटी असलं असतं. लागणार असेल तर घे, पण व्हायरसच्या नावाने घेऊ नकोस.

आणि बाहेरचा फुकटवाला तर मुळीच नको. अ‍ॅव्हास्ट आठवतो? आपल्या जुन्या संगणकावर होता, केशरी चिन्हाचा. लोक कुठल्या साइट बघतात ती माहिती त्या कंपनीने विकली म्हणून २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तिला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. राखणदार ठेवला आणि तोच घरातली बातमी बाजारात सांगत फिरला.

आता तुमच्या संगणकाकडे येतो, कारण खरी मेख तिथे आहे. विराजरावांनी तो ऑफिसच्या लिलावातून आणला, चांगलं केलं, स्वस्तात मिळाला. पण तू फोटो पाठवलास त्यात स्टिकरवर इंटेलच्या आय फाइव्ह प्रोसेसरच्या पुढचा चार आकडी नंबर सातने सुरू होतो. म्हणजे सातव्या पिढीचा. विंडोज ११ला आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. म्हणून त्यात विंडोज १० आहे, आणि त्याचे अपडेट १४ ऑक्टोबरला संपले. डिफेंडरला नव्या व्हायरसची ओळख २०२८ पर्यंत मिळत राहणार आहे, पण विंडोजच्याच भिंतीला जी भोकं सापडतील ती कोणी लिंपणार नाही. अशा घराला कुठलाही राखणदार ठेवा, बाराशेचा किंवा बारा हजारांचा, तो दारात उभा आणि चोर मागच्या भोकातून आत. २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर आला तो असाच. मायक्रोसॉफ्टने भोक बुजवायचा अपडेट मार्चमध्ये दिला होता, हल्ला झाला १२ मे रोजी. दोन महिने हातात असून ज्यांनी अपडेट टाकला नाही, ते सापडले.

तुला सुटका आहे. सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावर जादा मुदतीसाठी नाव नोंदवायची सोय दिसेल. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉग-इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केलास तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट पैसे न भरता मिळतात. ते आजच कर. पुढचं पुढे बघू. तोवर नवा घ्याल, नाहीतर मी येऊन विंडोजच्या जागी फुकट मिळणारं लिनक्स घालून देईन.

सासूबाईंच्या "कोपऱ्यात पाच व्हायरस सापडले" या प्रकाराला घाबरू नका. तो व्हायरस नाहीच. त्यांनी राशिभविष्याच्या कुठल्यातरी साइटवर "अलाऊ" दाबलं असणार, आता ती साइट रोज कोपऱ्यातून ओरडते. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स. तिथे अनोळखी नावं दिसतील ती काढून टाक. त्यांच्यावर रागावू नकोस, माझ्याकडे बँकेतले निवृत्त लोकही हेच घेऊन येतात. पण कधी पूर्ण पडदाभर लाल पान आलं, भोंगा वाजला आणि "या नंबरवर फोन करा" असं दिसलं तर फोन करायचा नाही. मायक्रोसॉफ्ट कोणाला नंबर देऊन बोलावत नाही. पान बंद होत नसेल तर सरळ बटण दाबून संगणक बंद करा. चुकून पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन.

हो, आणि फोनवर येणारी लग्नाची पत्रिका! हे माझ्या पोटावरच आलंय म्हणून सांगतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिका म्हणून फाइल येते, नावाच्या शेवटी एपीके, म्हणजे ती अ‍ॅपची फाइल. दाबली की अ‍ॅप बसतं आणि ओटीपी चोरायला लागतं. पंचवीस वर्षं मी पत्रिका करतोय, पीडीएफ देतो, फोटो देतो. पत्रिका कधी फोनमध्ये इन्स्टॉल करावी लागत नाही. विराजरावांच्या घरच्या ग्रुपवर हे नक्की सांग.

आता ते लपवलेलं.

२०१९ मध्ये चवथीच्या आधी दुकानातला मोठा संगणक गेला तेव्हा मी तुम्हा सगळ्यांना सांगितलं, वीज चमकली, हार्ड डिस्क उडाली. आईलाही तेच सांगितलं. हार्ड डिस्क ठणठणीत होती. माझ्याकडे चित्रं काढायच्या एका सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती होती, नवी घ्यायला पैसे जीवावर आले, म्हणून मी नवीची फोडलेली, म्हणजे चोरीची, प्रत उतरवून घेतली. सोबत एक चिठ्ठी होती: बसवताना अँटिव्हायरस बंद करा. अँटिव्हायरस तेव्हाही पैसे भरलेलाच होता, चालूही होता. त्याने दोनदा लाल खिडकी दाखवून अडवलं. दोनदा, बाय. आणि मी त्याला माझ्या हाताने बंद केला, कारण माटोळीच्या बाजाराची जाहिरात संध्याकाळपर्यंत द्यायची होती.

रात्री नऊला बघतो तर प्रत्येक फाइलच्या नावाला शेपूट लागलेलं, एकही उघडेना. प्रत्येक फोल्डरमध्ये एक चिठ्ठी: ९८० डॉलर द्या, ७२ तासांच्या आत कळवलंत तर निम्मे, ४९०. सवलतसुद्धा! बॅकअपची डिस्क होती माझ्याकडे, पण ती कायम जोडलेलीच असायची. तीही त्यातच गेली. पैसे मी दिले नाहीत. शहाणपणामुळे नव्हे, डॉलर कसे पाठवायचे तेच कळत नव्हतं. युरोपच्या पोलिसांनी वगैरे चालवलेली 'नो मोअर रॅन्सम' नावाची साइट आहे, तिथे काही कुलपांच्या चाव्या फुकट मिळतात. माझ्या कुलपाची नव्हती.

जत्रांची पत्रकं गेली त्याचं दुःख मी केलं नाही, ती लोकांच्या घरी छापील आहेत. पण कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तू आजीच्या फुगड्या आणि धालोची गाणी रेकॉर्ड केली होतीस, ती फक्त त्या संगणकावर होती. आजी गेल्यावर तू मागितलीस, तेव्हा मी "हार्ड डिस्कबरोबर गेली" म्हणालो आणि तू काही बोलली नाहीस. ते तुझं न बोलणं मला अजून ऐकू येतं.

म्हणून तुला सांगतो, कुठला घेऊ या प्रश्नात फारसा दम नाही. लाल खिडकी येईल तेव्हा हात आवरायचा. आणि डिस्क महिन्यातून एकदा जोडायची, प्रश्नपत्रिका नि फोटो चढवायचे, काढून कपाटात ठेवायची. जोडलेली डिस्क हा बॅकअप नव्हे, हे मी किंमत देऊन शिकलो.

दोन किरकोळ कामं राहिली. लिलावातल्या त्या संगणकावर मुदत संपलेला कुठलातरी अँटिव्हायरस बसलेला आहे, तो अनइन्स्टॉल करून टाक, संगणक पुन्हा चालू कर आणि "विंडोज सिक्युरिटी"त हिरव्या टिका दिसतात का बघ. दोघं एकत्र ठेवू नयेत, एकमेकांच्या पायात येतात. दुसरं, सासूबाईंना आणि बाळाला वेगळं खातं करून दे, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नसलेलं, म्हणजे तुझ्या पासवर्डशिवाय सहजासहजी काही बसवता येणार नाही. "कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस" नावाची सोयही आहे, ती रॅन्समवेअरला, म्हणजे फाइली कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या माझ्यासारख्या व्हायरसला, तुझ्या फोल्डरना हात लावू देत नाही, पण तुझ्या जुन्या मराठी टायपिंगशी ती भांडेल. मी आल्यावर बसून लावू.

दामूकाकांचा मुलगा उद्या मडगावला येतोय, त्याच्याकडे हे पत्र, आईने दिलेली सोलं आणि एक पेनड्राइव्ह देतोय. पेनड्राइव्हचं असं झालं, की त्या बंद पडलेल्या फाइली मी फेकल्या नव्हत्या, कपाटात होत्या. गेल्या पावसात कुठेतरी वाचलं, की त्या जातीचा रॅन्समवेअर घाईत असतो, प्रत्येक फाइलचा सुरुवातीचा सुमारे दीडशे केबी भागच कुलूपबंद करतो, बाकी तसंच सोडतो. पत्रकाची छोटी फाइल त्यात सगळीच्या सगळी जाते. गाणं मात्र मोठं असतं. तेवढा तुकडा कापून टाकला आणि लावलं.

अकरा गाणी आहेत. प्रत्येकाची पहिली नऊ-दहा सेकंदं नाहीत. म्हणजे आजी दर वेळी तुला "जालें सुरू?" विचारायची, ते नाही. पुढचं सगळं आहे, टाळ्यांसकट.

लावण्याआधी पेनड्राइव्हवर राइट-क्लिक करून स्कॅन कर. माझ्या दुकानातून आलाय तो.

तुझा,
बाबा