पंख्याकडे नंतर, केबलीकडे आधी

कोल्हापूर

प्रिय विनू,
सप्रेम नमस्कार.

समुद्रात पवनचक्क्या आल्या तर गावाचं काय, असं विचारलंस. देवगडला लगेच कुणी येत नाहीये. केंद्रानं २०२४ मध्ये मंजूर केलेली ७,४५३ कोटींची योजना गुजरात आणि तमिळनाडूपुरती आहे, दोन्हीकडे ५००-५०० मेगावॉट. पण विषय निघाला की सगळे पंख्यांच्या उंचीवर भांडतात आणि वीज किनाऱ्यावर आणणाऱ्या केबलीबद्दल कुणी तोंड उघडत नाही. तू उघड.

अमेरिकेत ऱ्होड आयलंडजवळ ब्लॉक आयलंड नावाचं बेट आहे. कायमची वस्ती हजाराच्या आसपास, वीज डिझेल जनरेटरवर. २०१६ अखेर तिथं ६ मेगावॉटच्या पाच चक्क्या सुरू झाल्या, बेट केबलीनं मुख्य भूमीला जोडलं गेलं आणि २०१७ मध्ये डिझेल थांबलं. घोळ झाला तो पुळणीवर. केबल उथळ पुरलेली. लाटांनी वाळू ओढून नेली आणि काही वर्षांतच ती उघडी पडली. शेवटी किनाऱ्याखालून आडवं ड्रिलिंग करून ती नव्यानं खोल न्यावी लागली. पावसाळ्यात पुळण किती खाली बसते हे तुला मी काय सांगू! चर खणून केबल आणणार म्हणाले, तर खोली ऑगस्टमधल्या वाळूपासून मोजायला लाव, मे महिन्यातल्या नव्हे.

केबल म्हणजे तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे तीन गाभे, त्यांवर पॉलिथिनचं इन्सुलेशन, पाणी शिरू नये म्हणून शिशाचं आवरण, सोबत ऑप्टिकल फायबर आणि वरून पोलादी तारांचं चिलखत. चक्क्यांमधली ३३ किंवा ६६ केव्हीची (किलोव्होल्टची), मोठ्या प्रकल्पात किनाऱ्याकडे येणारी बहुधा २२० केव्हीची. मऊ तळात पाण्याच्या झोतानं चर पाडून केबल साधारण एक-दोन मीटर पुरतात. कातळ लागला की वर दगड किंवा काँक्रीटच्या चटया टाकतात, आणि तळावरून ओढल्या जाणाऱ्या ट्रॉल जाळ्याच्या फळ्या नेमक्या तिथंच अडकतात. जाळं जातं, केबलीलाही मार बसतो. बोटीचा नांगर ओढला गेला तर त्याहून वाईट. कातळ कुठं आहे ते बोट चालवणाऱ्या तांडेलांना पाठ असतं. मार्ग ठरण्याआधी त्यांना नकाशासमोर बसवा.

खांबाच्या पायाशीही लक्ष हवं. ८ मीटर व्यासाच्या खांबाभोवती मोकळ्या वाळूत प्रवाह दहा मीटरपर्यंत खड्डा पाडू शकतो, म्हणून दगड भरतात. मग त्याच दगडांवर केबल लाटांबरोबर हलत राहिली की आवरण घासून झिजतं. युरोपात हे झालंय.

कोकणातला खरा पेच मात्र पावसाळ्याचा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ऊर्जा आठपट होते, त्यामुळे जून-जुलैत चक्क्या जोरात. पण लाटा दीड मीटरच्या वर गेल्या की साध्या बोटीतून माणसाला चक्कीवर चढवत नाहीत. जूनमध्ये केबल बिघडली तर जहाज येणार समुद्र शांत झाल्यावर, म्हणजे १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी उठून तुमचा हंगाम नुकता सुरू झालेला असताना. दुरुस्ती चालेपर्यंत आसपासचं पाणी बोटींना बंद. त्या दिवसांची भरपाई कोण देणार, किती आणि कितव्या दिवशी, हे करारात आधीच लिहून घ्या.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
सुहास